सातवा खिळा

बालाघाटला कॉलेजात असताना मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, ते गृहस्थ कुठल्याही छपराखाली पाऊल टाकण्याआधी काठीने छत ठोकून बघत. बँक असो, दवाखाना असो, नाहीतर रेशनचं दुकान. दारात थांबायचे, काठी उंच करून दोनदा ठोकायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि मगच आत शिरायचे. मागे रांग लागली तरी त्यांना त्याचं काही नसे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बँकेत गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकीजी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "माह्या लग्नात यायनं मांडवबी ठोकून पायला. माहा बाप म्हणे, जवाई बरा हाय ना?"

ते मँगनीजच्या खाणीत सरदार होते. शिफ्टमध्ये जितकी माणसं खाली उतरतात, त्या सगळ्यांना धडधाकट वर आणायची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला खाणीत सरदार म्हणतात. निवृत्तीला बरीच वर्षं झाली तरी मोहल्ल्यात ते सरदारच राहिले. आम्ही पोरी काकाजी म्हणायचो. खाणीत छत ठोकूनच पुढे जातात. आवाज भरीव आला तर चालायचं, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची. ती सवय त्यांनी वर, उजेडातही सोडली नाही.

दुसरी खोड बिल्ल्यांची. दारातून आत आलं की भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर सहा खिळे, खाली पांढऱ्या रंगाने आकडे, आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळेचा बिल्ला. एक नंबर काकाजींचा, दोन काकीजींचा, तीन माझा, चार माझी मैत्रीण शीतल हिचा. शीतल लांजीची, मी कटंगीची; एकाच खोलीत राहायचो. पाच आणि सहा पाहुण्यांसाठी. घराबाहेर पडताना आपला बिल्ला बरोबर न्यायचा, परत आल्यावर लावायचा. खिळा रिकामा दिसला की माणूस अजून बाहेर आहे असं समजायचं. खाणीतला रिवाज त्यांनी तसाच्या तसा घरी आणला होता. तिथे फळी भरल्याशिवाय सरदार घरी जात नसे. इथे फळी भरल्याशिवाय काकाजी चहाला तोंड लावत नसत, मग जेवणाचं तर नावच नको.

शीतल आणि मी फार वैतागायचो. कॉलेजातून येताना गुपचूप खायला थांबलो तरी डोळ्यापुढे चहावाचून बसलेला म्हातारा यायचा आणि घास घशात अडकायचा. "ही रूम नाई, जेल हाय जेल," शीतल म्हणायची. पण भाडं कमी होतं आणि काकीजींच्या हातचा भात गोड होता, म्हणून राहिलो.

काकीजींनीच एकदा आम्हाला खाणीतला तो किस्सा सांगितला. एका दिवशी शिफ्ट सुटली, सगळे वर आले, आणि एक खिळा रिकामा राहिला. काकाजी पुन्हा खाली उतरले. बरोबरचे दोघे थकून वर आले, हे एकटेच प्रत्येक गल्लीत हाका मारत फिरले. दुसरा दिवस उजाडला. दुपारी तो माणूस पान चघळत खाणीच्या दारात हजर! बायकोला आणायला सासरी लांजीला गेला होता. घाईत सगळ्यांच्या आधी वर आला आणि बिल्ला खिशातच राहिला. काकाजींनी त्याच्या खिशातून बिल्ला काढला, खिळ्याला लावला आणि तिथेच फळीखाली आडवे होऊन झोपले. पुढे कित्येक वर्षं सगळी खाण त्यांना हसली.

"बाप्पा, एका पानवाल्यापायी रातभर खाली!" काकीजी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काकाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले, "हसा. खाली कोणी राह्यलं नाई हे पक्कं तं झालं ना."

त्यांच्या सगळ्या नोकरीत एकही खिळा रिकामा राहिला नव्हता. ही गोष्ट त्यांनी कधी फुशारकीने सांगितली नाही. मला ती फार नंतर कळली, आणि कळली तेव्हा मी त्यांच्याकडे नव्याने बघायला लागले.

आता त्या सिनेमाबद्दल. आम्ही सेकंड इयरला होतो तेव्हा तो आला. पाताळातल्या राज्याचा सिनेमा, त्यात डोंगराएवढा नाग, आणि उजेडाचा एक मणी. दोन वर्षं आम्ही त्याची वाट पाहिली होती. शीतलने तर कॉलेजातल्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुपच काढला होता. रविवारी दुपारच्या शोची चार तिकिटं काढली आणि वाराशिवनीच्या दोन मैत्रिणी ऐन वेळी आल्या नाहीत. तिकिटं फुकट जाऊ नयेत म्हणून आम्ही काकाजी-काकीजींना ओढून नेलं. काकाजींनी टॉकीजचं छत ठोकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सिनेमा इतका वाईट निघाला की काही सोय नाही. नाग प्लास्टिकचा वाटत होता. हिरॉइन पाताळात उतरली तरी तिच्या साडीला माती लागली नाही. गाणं सुरू झालं की अर्धी टॉकीज बाहेर समोसे खायला जायची. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. शेवटी मणी मिळाला, सूर्य परत उगवला, राजवाड्यात नाच झाला आणि पडद्यावर अक्षरं आली: कहानी अभी बाकी है। मागून कोणीतरी ओरडलं, "बस करो भाई!" लोक हसत बाहेर पडले.

काकाजी उठले नाहीत.

"काकाजी, चाला ना. संपला पिच्चर."

"बसा. अजून एक यायचा हाय."

आम्हाला काही कळेना. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. दोरावरून विहिरीत उतरले ते सात: राजकुमार, राजकन्या, वैद्य, दोघे भाऊ, एक चोर आणि कंदीलवाला. मध्ये एका भुयारापाशी राजकुमार कंदीलवाल्याला म्हणतो, "तू यहीं रुक। उजाला दिखाते रह। हम लौटकर आएँगे।" मग नाग येतो, मारामारी होते, मणी मिळतो आणि सगळे दुसऱ्याच वाटेने वर येतात. वर आले ते सहा. राजवाड्यातल्या नाचातही सहाच. कंदीलवाल्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आम्ही दोन वर्षं त्या सिनेमाची बारीकसारीक माहिती गोळा केली होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"विसरले असतील जी," काकीजी म्हणाल्या. "पिच्चरवाले ते."

"त्याले थांब म्हणून सांगतलं," काकाजी पडद्याकडे बघत म्हणाले. "तो थांबला असन."

झाडूवाला आला, दिवे लागले, तेव्हा कुठे ते उठले. घरी आल्यावर त्यांनी हातोडी काढली आणि फळीवर सहाच्या पुढे एक खिळा ठोकला. खाली पांढऱ्या रंगाने सात लिहिलं. खिळा अर्थातच रिकामा, कारण बिल्ला त्या कंदीलवाल्याजवळ. मी विचारलं, "नाव काय त्याचं?" तर म्हणाले, "नाव ठेवणारे आपण कोण? वर आला की त्यालेच विचारू."

त्या खिळ्याला आम्ही पोट धरधरून हसलो, आणि मी सगळ्यांत जास्त. एवढंच बरं की त्याच्यासाठी त्यांनी चहा सोडला नाही. "आपली फळी येगळी, त्याची येगळी," असा काहीतरी हिशोब त्यांनी मनाशी केला होता. मात्र चहाचा पहिला घोट घेण्याआधी ते त्या खिळ्याकडे एकदा बघायचे.

मग माझ्यावरच पाळी आली. त्या वर्षी मी केमिस्ट्रीत नापास झाले. रिझल्ट बघितला आणि कोणाला न सांगता तशीच बसस्टँडवर जाऊन कटंगीची बस धरली. फोन बंद केला. कॉलेज सोडायचं हे मी बसमध्येच ठरवून टाकलं होतं. घरी रोवणीची, म्हणजे भातलावणीची, घाई चालू होती, आईला हाताखाली कोणीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी कटंगीचा बाजार. दुपारी आमच्या दाराच्या चौकटीवर ठक ठक झालं. मी न बघता ओळखलं.

काकाजी घामाने निथळत उभे होते. चौकटीचा आवाज ऐकून झाल्यावर ते आत आले. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर समजावतील. ते फक्त म्हणाले, "बिल्ला?"

मी बॅगेतून काढून दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"ठेवा ना तुम्हीच," मी म्हणाले. "मी नाई येऊन राह्यली परत."

"मी कसा नेऊ? ज्याचा बिल्ला त्यानंच लावा लागते. अन् इथं लावता येत नाई बाई, खिळा तिथं हाय." मग ते माझ्या आईकडे वळले. "दोन घास भात असन तं वाढता का जी? कालपासून काही खाल्लं नाई."

माझ्या वडिलांना काही समजेना. हा कोण माणूस, पोरीच्या पितळेच्या तुकड्यासाठी उपाशीपोटी बसने आला! आई मात्र लगेच ताट घेऊन आली. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. नापास झाल्याचं रडू मला आदल्या दिवशी आलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी बालाघाटला परत गेले आणि तीन नंबरचा बिल्ला माझ्या हाताने लावला. आज मी परसवाड्याला शाळेत विज्ञान शिकवते. केमिस्ट्रीसुद्धा शिकवते.

त्यानंतर मी सातव्या खिळ्याला हसले नाही. विश्वास मात्र बसला नव्हता.

ग्रुपवर तोवर भांडणं पेटली होती. दुसरा भाग येणार की नाही? एक म्हणायचा कंपनी बुडाली. दुसरा म्हणायचा हिरोचं पोट सुटलंय, त्याच्याच्याने आता विहिरीत उतरणं होत नाही. मध्येच कोणीतरी नव्या नागाचं चित्र टाकायचा आणि आठवडाभर सगळे हरखून जायचे. मग कोणीतरी शोधून काढायचा की ते चित्र दुसऱ्याच सिनेमाचं आहे. "पहिला एवढा बेकार निघाला, दुसऱ्याची कायले वाट पायता?" मी चिडून म्हणाले, तर काकाजी म्हणाले, "परे पाहून धान सांगू नोको." परे म्हणजे रोवणीआधी वाफ्यात दाट पेरलेली धानाची रोपं. ती पिवळी पडली, खुरटली, तरी बांधीत, म्हणजे शेतात, लावल्यावर काय होतील ते सांगता येत नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

शीतलने गमतीत त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. झालं! रोज संध्याकाळी सहाला त्यांचा आवाज यायचा, "नमस्कार. खिळा नंबर सात. काही खबर?" तेवढंच. पोरं हसायची. कोणी म्हणालं, "अंकल, वो मर गया होगा।" काकाजींनी उत्तर दिलं, "मेला असन तं मेला म्हणून सांगा. पण सांगा." कोणी म्हणालं, एडिटिंगमध्ये सीन कापला. त्यावर ते म्हणाले, "सीन कापला, माणूस कुठं कापला?" हळूहळू नागाची भांडणं मागे पडली. गोंदियाच्या एका पोराने सिनेमा पुन्हा पाहून भुयाराचा नकाशा काढला. कोणी हिशोब लावला की कंदिलातलं तेल किती दिवस पुरेल. ज्या सिनेमाला आम्ही शिव्या घातल्या, तो आम्ही आता एका माणसासाठी परत परत बघत होतो. मला हे कळत होतं की आपण एका म्हाताऱ्याच्या वेडाला लागलोय, आणि तरी त्या वेडाचा मोठेपणा मला भारून टाकत होता. ज्या माणसाला लिहिणारा विसरला, दाखवणारा विसरला, बघणारे विसरले, त्याला या एका माणसाने मोजलं होतं.

सिनेमाच्या कंपनीला त्यांनी माझ्या हातून हिंदीत रजिस्टर पत्र पाठवलं. तक्रार नव्हती ती. खाणीत शिफ्ट बदलताना जाणारा सरदार वहीत लिहितो: किती उतरले, किती वर आले, कुठे धोका आहे. येणारा ते वाचून खाली सही करतो आणि मगच उतरतो. पत्र तसंच होतं. पहिली शिफ्ट. उतरले सात. वर आले सहा. एक माणूस मधल्या भुयारापाशी, थांबण्याचा हुकूम आहे. पुढच्या शिफ्टने आधी त्याला बघावं. नागाबद्दल अवाक्षर नाही. महिन्याभराने पाकीट परत आलं; त्या पत्त्यावर आता कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं. काकाजींनी पाकीट आपल्या जुन्या वहीत ठेवून दिलं.

"घेणारा उशिरा येते कधी कधी," ते म्हणाले. "देणाऱ्यानं जागा सोडू नाई."

शिकून मी परसवाड्याला नोकरीला लागले, शीतल लग्न होऊन रायपूरला गेली. आमचे बिल्ले काकाजींनी काढले नाहीत. गेलं की ते लावलेले दिसायचे. निघताना घ्यायचे नाहीत एवढंच. "आता तुमचा खिळा तिकडं," असं ते म्हणाले होते.

मागच्या होळीच्या सुमारास भेटायला गेले तर ते ओसरीत खाटेवर बसले होते. चार पावलं टाकली की दम लागायचा. त्यांनी काकीजींकडून वही मागवली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर तारीख. मग एक ओळ: खाली राहिलेले, एक. मग दोन रकाने, शिफ्ट देणार आणि शिफ्ट घेणार. देणारच्या खाली त्यांची थरथरती सही होती.

"घे. सही कर."

माझी साडेचारची बस होती. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. सही केली म्हणजे ते चालले हे मी कबूल केल्यासारखं होणार होतं. म्हणून मी चिडले.

"काकाजी, सोडा ना आता! दुसरा भाग काही येत नाई. अन् आला तरी त्या लोकायले तो कंदीलवाला याद राह्यते का?"

"नाई राह्यत," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तं लिहून ठेवा लागते."

"पुढच्या वेळी करते," असं म्हणून मी बॅग उचलली. त्यांनी वही मिटली. आग्रह केला नाही, वाईटही वाटून घेतलं नाही. "हौ, जाय. बस सुटन," म्हणाले.

पुढची वेळ आली नाही. उन्हाळ्यात ते दवाखान्यात गेले. स्ट्रेचरवरून नेतानाही त्यांनी एक नंबरचा बिल्ला मागून घेतला आणि दवाखान्याच्या दारात आल्यावर काकीजींना काठीने छत ठोकायला लावलं. दोन दिवसांनी ते गेले. शीतलने ग्रुपवर कळवलं. एरवी नागावरून एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या पोरांनी हात जोडले. गोंदियाच्या पोराने लिहिलं, "अब छह बजे कौन पूछेगा?"

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. सवयीने आधी फळीकडे नजर गेली. एक नंबरचा बिल्ला खिळ्यावर होता.

"शर्टाच्या खिशात होता," काकीजी मागून म्हणाल्या. "ज्याचा बिल्ला त्यानंच लावा असं तेच सांगत. म्हणून त्यायले घरी आणलं तं आधी त्यायच्या हातात बिल्ला देल्ला, हात धरून खिळ्यापाशी नेला अन् लावला. मंग रडली."

मी तिथेच, फळीखाली बसले. पाहुणे पांगल्यावर काकीजींना मी सांगितलं की मी त्या दिवशी सही केली नाही, बसचं कारण सांगून निघून गेले. त्या उठल्या. आत जाऊन वही घेऊन आल्या. ते पान तसंच होतं. परत आलेलं पाकीटही तिथेच होतं. घेणारचा रकाना कोरा.

दुसरा भाग येईल की नाही, मला आजही माहीत नाही. आला तरी त्यात तो नवा नाग असेल, नवी हिरॉइन असेल, आणि ते भुयार कदाचित दिसणारही नाही. मला अजून शंका आहे. पण मला कटंगीचं आमचं दार आठवत होतं, त्यावर झालेली ठक ठक, आणि कालपासून न जेवलेला माणूस. तोही काही खात्री करून बसमध्ये बसला नव्हता.

मी सही केली. मग घड्याळात सहा वाजत होते म्हणून फोन काढला आणि ग्रुपवर बोलले. 

"नमस्कार. खिळा नंबर सात. काही खबर?"

काकीजींनी माझ्या हातातून वही घेतली, सही निरखून पाहिली आणि बशीत ओतलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

"घे," त्या म्हणाल्या, "पण पह्यले त्या खिळ्याकडे पाय, मंग पी."